बायबल, पाश्चात्त्य अभिजात वाङ्मय आणि मराठी वाचक : एका सहअभ्यासाचा इतिहास (विशेष संदर्भ : नागपूर)

प्रस्तावना

खापा हे नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील, कन्हान नदीच्या काठचे गाव. विणकर, शेतकरी आणि खाणकामगार यांच्या घरांतून येथील पदवी वर्गांत मुलेमुली येतात. या वर्गाला मिल्टनचे अंधत्वावरील सुनीत शिकविताना प्रस्तुत लेखकाला दरवर्षी एकाच शब्दापाशी थांबावे लागते. तो शब्द म्हणजे 'टॅलेंट'. विद्यार्थी वहीत 'अंगचे कौशल्य' असा अर्थ लिहून मोकळे होतात. परंतु मिल्टनच्या मनात मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाचा दाखला आहे. धनी परगावी जाताना चाकरांजवळ द्रव्य ठेवतो. एक चाकर भीतीपोटी ते जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर शिक्षेस पात्र ठरतो. 'टॅलेंट' हे त्या द्रव्याच्या मापाचे नाव होते आणि इंग्रजीत या शब्दाला 'गुण' हा अर्थ याच दाखल्यामुळे चिकटला. ही कथा ठाऊक नसेल तर दृष्टी गेलेल्या कवीला कोणत्या जाबाची भीती वाटते आहे हे कळत नाही आणि सुनीत अर्धेच वाचले जाते.

ज्या नागपूर परिसरात इ. स. १८४६ पासून मिशनच्या शाळेत बायबल आणि इंग्रजी वाङ्मय एकाच छपराखाली शिकविले गेले, त्याच परिसरात ही स्थिती का यावी, हा या निबंधाचा मूळ प्रश्न आहे. त्या अनुषंगाने पुढील तीन बाबींचा विचार येथे केला आहे. (१) बायबल व पाश्चात्त्य अभिजात वाङ्मय यांचा सहअभ्यास मराठी प्रदेशात कोणत्या हेतूने व कोणत्या रूपाने आला? (२) तो खऱ्या अर्थाने कोठे फलद्रूप झाला? (३) आजच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्याला स्थान असावे काय आणि कोणत्या अटींवर? निबंधाचे स्वरूप ऐतिहासिक व विवेचनात्मक आहे.

गोमंतकातील पूर्वपीठिका

या सहअभ्यासाचा आरंभ एकोणिसाव्या शतकात झाला असे सामान्यतः मानले जाते. तथापि त्याची पूर्वपीठिका गोव्यात सापडते. जेझुइट संघाने इ. स. १५९९ मध्ये आपल्या विद्यालयांसाठी एक सर्वमान्य अभ्यासक्रम निश्चित केला. त्यात आधी लॅटिन व्याकरण, मग सिसेरो, व्हर्जिल यांच्यासारख्या रोमन लेखकांचे वाङ्मय व वक्तृत्वशास्त्र, त्यानंतर तत्त्वज्ञान आणि शेवटी धर्मशास्त्र व बायबल अशी चढती पायऱ्यांची रचना होती. म्हणजे ख्रिस्तपूर्व कवींचे काव्य हा धर्मग्रंथाकडे नेणारा जिना मानला होता.

अशा परंपरेत घडलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे तेथेच राहिला. त्याचे 'क्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. शेक्सपिअरचे निधन झाले तेच हे वर्ष. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण जुन्या कराराचे आणि दुसरे पुराण नव्या कराराचे कथन करते. आपली पुराणे सोडून आलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना काही पर्यायी वाचन द्यावे, या मागणीचा उल्लेख ग्रंथातच येतो. ग्रंथाची ओवीची चाल, पुराणिकाचा थाट आणि मराठी भाषेची मुक्तकंठाने केलेली स्तुती पाहता असे म्हणावे लागते की, युरोपातील शिक्षणात जे स्थान व्हर्जिलला होते ते स्टीफन्सने येथे संतकवींच्या ओवीला दिले.

या घटनेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ज्या राज्यात हे पुराण रचले गेले त्याच राज्यात इ. स. १५६० पासून धर्मन्यायासन कार्यरत होते, आणि इ. स. १६८४ मध्ये तर स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम निघाला. ग्रंथ लोकांच्या मुखी टिकला. त्यामागील अध्ययनपरंपरा मात्र खंडित झाली.

कंपनी सरकारचे धोरण : मिल्टन आत, बायबल बाहेर

ब्रिटिश अमलात या प्रश्नाला निराळे वळण लागले. इ. स. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना प्रवेशाचा मार्ग खुला केला आणि शिक्षणासाठी वार्षिक एक लाख रुपयांची तरतूद केली. इ. स. १८३५ मधील मेकॉलेच्या टिपणानंतर इंग्रजी वाङ्मय सरकारी शिक्षणाच्या केंद्रस्थानी आले. परंतु धार्मिक तटस्थतेच्या धोरणामुळे बायबलला सरकारी वर्गात स्थान नव्हते.

यातील विसंगती समकालीनांच्याही ध्यानात आली होती. सरकारी विद्यालयांत मिल्टन, बेकन, ॲडिसन, जॉन्सन शिकविले जात. इ. स. १८५३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे हिंदुस्थानातील शिक्षणाविषयी साक्षी झाल्या, तेव्हा इंग्रजी वाङ्मय ख्रिस्ती विचाराने इतके भारलेले आहे की बायबल न उघडताही विद्यार्थ्याला त्याचा परिचय होतो, असा युक्तिवाद करण्यात आला. पुढील वर्षीच्या वुडच्या खलित्याने तटस्थता कायम ठेवली. मात्र महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत बायबल ठेवण्यास आणि विद्यार्थ्याने स्वेच्छेने विचारल्यास शिक्षकाने वर्गाच्या वेळेबाहेर स्पष्टीकरण देण्यास मोकळीक दिली. बायबल कपाटात आणि मिल्टन फळ्यावर, अशी ही व्यवस्था होती. गौरी विश्वनाथन यांनी इ. स. १९८९ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनाची ही राजकीय बाजू साधार उलगडून दाखविली आहे. आपल्या आजच्या अभ्यासक्रमातील पोकळीचे मूळ बऱ्याच अंशी याच व्यवस्थेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मिशन महाविद्यालये : मुंबई ते नागपूर

स्कॉटिश मिशनऱ्यांनी ही फारकत नाकारली. अलेक्झांडर डफने इ. स. १८३० मध्ये कलकत्त्यात काढलेल्या शाळेत बायबल, इंग्रजी काव्य, तर्कशास्त्र आणि विज्ञान एकत्र शिकविले जाई. मुंबईत जॉन विल्सन यांनी इ. स. १८३२ मध्ये इंग्रजी शाळा सुरू केली. तिचेच पुढे विल्सन महाविद्यालय झाले. इ. स. १८३९ मध्ये या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इ. स. १८४३ मध्ये शेषाद्री बंधूंचे प्रकरण घडले. पैकी नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तर धाकटे श्रीपत यांना बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन स्वधर्मात परत आणले. या दोन प्रकरणांनी मुंबई हादरली आणि अनेक पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. मिशनच्या वर्गात बायबल वाचणे म्हणजे घर गमावणे, ही भीती तेव्हापासून मध्यमवर्गाच्या मनात रुजली. ती निराधार नव्हती, कारण धर्मांतर हा या शिक्षणाचा जाहीर हेतूच होता.

नागपूरची परिस्थिती थोडी निराळी होती. स्टीफन हिस्लॉप इ. स. १८४५ च्या प्रारंभी येथे आले तेव्हा कामठीला इंग्रजांची छावणी असली तरी नागपूर भोसल्यांच्या राज्यात होते. ते खालसा झाले इ. स. १८५४ मध्ये. हिस्लॉप यांनी इ. स. १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. धर्मोपदेशकाबरोबरच ते निसर्गाभ्यासकही होते. या भागातील खडक, जीवाश्म, शिलावर्तुळे आणि गोंड समाजाची भाषा व गीते यांचा त्यांनी कसून अभ्यास केला. टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. आदिवासी समाजांविषयीची त्यांची टिपणे इ. स. १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाचे हिस्लॉप महाविद्यालय इ. स. १८८३ मध्ये सुरू झाले. आरंभी ते कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते आणि इ. स. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्या कक्षेत आले.

येथे एका संस्थात्मक बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मिशन महाविद्यालयांत बायबलचा तास असे. परंतु पदवी परीक्षा विद्यापीठाची असे आणि विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत बायबल नसे. परिणामी एकाच इमारतीत दोन अभ्यासक्रम शेजारी शेजारी चालत राहिले. एकात गुण होते, दुसऱ्यात उपदेश होता. मिल्टनच्या तासाला बायबल उघडायचे नाही आणि बायबलच्या तासाला मिल्टनच्या काव्यगुणांची चर्चा करायची नाही, अशी सवय या रचनेतूनच पडली असावी. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे प्राचार्य विल्यम मिलर यांनी तत्काळ धर्मांतराऐवजी विचारांच्या सावकाश परिवर्तनावर भर दिला आणि शेक्सपिअरच्या शोकांतिकांवर नैतिक दृष्टीने पुस्तकही लिहिले. ही दरी सांधण्याचा तो एक लक्षणीय प्रयत्न होता. तरी त्यातही वाङ्मय हे साधन आणि धर्म हे साध्य ही उतरंड तशीच राहिली.

वर्गाबाहेरील वाचक

एकत्र अभ्यास वर्गात साधला नाही तो वर्गाबाहेर साधला, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्यासाठी काही वाचकांची उदाहरणे पाहू.

जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तेथे बायबलची ओळख झाली, आणि त्याच सुमारास त्यांनी टॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. पेन हे संघटित धर्मसंस्थेचे कठोर टीकाकार. मिशनला नको असलेला हा लेखक आणि मिशनने हाती दिलेला धर्मग्रंथ या दोहोंना फुल्यांनी एकमेकांसमोर उभे केले. ते ख्रिस्ती झाले नाहीत; परंतु सर्व मानव एका निर्मिकाची लेकरे आहेत ही भूमिका त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'पर्यंत नेली. अभ्यासक्रम आखणाऱ्यांना अपेक्षित नसलेला, पण खऱ्या अर्थाने स्वतंत्र असा हा सहअभ्यास होता.

दुसरी वाट अनुवादाची व कादंबरीची. बनियनचे रूपककथन हरि केशवजी यांनी इ. स. १८४१ मध्ये 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणले. मिशनशाळांत शिकलेले आणि इ. स. १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' इ. स. १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवास आणि वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या कहाण्या ही त्याची चौकट बनियनशी नाते सांगते. मात्र त्या चौकटीतील दुःख येथील विधवांचे आहे.

तिसरे उदाहरण नागपूरला विशेष जवळचे आहे. नारायण वामन टिळक यांनी नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केले. पुढे राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना भारून टाकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. बायबल त्यांनी संस्कृत काव्य आणि तुकोबांचे अभंग यांच्या सोबतीने वाचले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य इ. स. १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या लेखिकेने इ. स. १९३३ मध्ये नागपूर येथील मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, आणि 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी आत्मचरित्राला एक मानदंड दिला.

पंडिता रमाबाई यांनी केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. इ. स. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. खेड्यापाड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल असे मराठी हा त्यांचा आग्रह होता.

आणखी एक संदर्भ नागपूरच्या अभ्यासकाने विसरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इ. स. १९५० मध्ये लिहिलेल्या लेखात, बौद्धांना बायबलसारख्या एका ग्रंथाची गरज आहे असे मत मांडले. दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेनंतर, इ. स. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाची खंड, भाग आणि क्रमांकित वचने अशी मांडणी आहे. धर्मग्रंथ या वाङ्मयप्रकाराच्या रचनेकडे इतक्या डोळसपणे पाहणारा वाचक आपल्या इतिहासात विरळाच.

वरील सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. बायबल आणि पाश्चात्त्य ग्रंथ यांच्या जोडीला जेव्हा मराठी (ओवी, अभंग, येथील सामाजिक दुःख, येथील वाद) तिसरा पक्ष म्हणून आली, तेव्हाच त्या वाचनातून नवे काही निर्माण झाले. केवळ पहिल्या दोहोंची जोडी वर्गात घातली गेली, तेव्हा तिचा कल उपदेशाकडे राहिला.

विसाव्या शतकातील पालट आणि आजची स्थिती

विसाव्या शतकात सक्तीच्या धर्मशिक्षणाला विरोध वाढला. विद्यार्थ्याला धर्माच्या तासातून सूट मिळावी यासाठी मद्रासेत श्रीनिवास शास्त्री यांनी चळवळ केली. ऑक्सफर्डचे ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने इ. स. १९३१ च्या अहवालात ख्रिस्ती महाविद्यालयांच्या उद्दिष्टांची फेरतपासणी केली. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाचे प्राचार्य डेव्हिड मोझेस यांच्यासारखे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक धर्माधर्मांतील संबंधांचा तौलनिक विचार मांडत होते.

याच काळात पाश्चात्त्य विद्यापीठांत बायबलकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची दृष्टी प्रगल्भ झाली. मॅथ्यू आर्नल्डने इ. स. १८७२ मध्येच यशया या ग्रंथाचा काही भाग शालेय वाचनासाठी साहित्यकृती म्हणून संपादित केला होता. इस्तंबूलच्या निर्वासित जीवनात एरिक आउरबाख यांनी लिहिलेल्या आणि इ. स. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात होमरमधील ओडिसियसच्या व्रणाचा प्रसंग आणि अब्राहामाने इसहाकाला बळी देण्यास नेल्याचा प्रसंग शेजारी ठेवले आहेत. होमर सर्व काही उजेडात मांडतो. बायबल मोजके बोलते आणि उरलेले वाचकाच्या मनात गडद होऊ देते, असा फरक त्यांनी दाखविला. पुढे रॉबर्ट आल्टर (१९८१) आणि नॉर्थ्रप फ्राय (१९८२) यांनी या अभ्यासाला पद्धतशीर रूप दिले.

आपल्याकडे मात्र पदव्युत्तर इंग्रजीच्या वर्गात बायबल बहुधा 'पार्श्वभूमी' या एका शब्दात आटोपते. शायलॉक याकोब आणि लाबान यांच्या मेंढ्यांची गोष्ट का सांगतो, ड्रायडनने राजकीय उपरोधासाठी दावीद व अबशालोम यांनाच का निवडले, मेल्व्हिलचा निवेदक स्वतःला इश्माएल का म्हणवितो, यांची उत्तरे विद्यार्थी बाजारी मार्गदर्शिकांतून पाठ करतो. उलट मराठी विभागात 'क्रिस्तपुराण' आणि टिळक शिकविले जातात, ते मिल्टनशी संबंध न जोडता. वुडच्या खलित्यातील कपाट आणि फळा यांच्यातील अंतर आता दोन विभागांच्या भिंतीत रूपांतरित झाले आहे.

या पोकळीमागे संकोचही आहे. बायबल वर्गात उघडले तर हेतूविषयी शंका घेतली जाईल, अशी धास्ती अनेक सहकारी खाजगीत बोलून दाखवितात. पूर्वेतिहास पाहता ती समजण्यासारखी आहे. तथापि आपल्या कायद्याने ही सीमारेषा बरीच स्पष्ट केली आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणात भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. धर्माचा उपदेश आणि धर्मविषयक अभ्यास या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने डी.ए.व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य (१९७१) आणि अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार (२००२) या निवाड्यांत मान्य केला आहे. म्हणून भीतीपोटी ग्रंथ पुरून ठेवण्याचे कारण उरत नाही.

निष्कर्ष

१. बायबल व पाश्चात्त्य अभिजात वाङ्मय यांचा सहअभ्यास मराठी प्रदेशात प्रथम धर्मप्रसाराचे साधन म्हणून आला. सरकारी विद्यालयांनी दोहोंची फारकत केली; मिशन महाविद्यालयांनी त्यांना एका छपराखाली ठेवले, पण विद्यापीठीय परीक्षेमुळे तेथेही ते वेगळेच राहिले.

२. त्याचे खरे फळ फुले, बाबा पदमनजी, टिळक दांपत्य व पंडिता रमाबाई यांच्या स्वतंत्र वाचन-लेखनात दिसते. यांपैकी कोणीही महाविद्यालयीन पदवीच्या वाटेने तेथे पोहोचले नाही, ही बाब अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी अंतर्मुख होऊन पाहण्यासारखी आहे.

३. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बहुविद्याशाखीय अध्ययनावर भर आहे. त्या चौकटीत इंग्रजी, मराठी व इतिहास या विभागांनी मिळून पदव्युत्तर स्तरावर एक ऐच्छिक अभ्यासपत्रिका आखावी. तीत 'उत्पत्ती', मिल्टनचे महाकाव्य आणि 'क्रिस्तपुराण'. 'ईयोब' आणि 'किंग लिअर'. बनियन आणि 'यमुनापर्यटन'. डोंगरावरील प्रवचन आणि टिळकांची कविता असे गट असावेत. भाषांतराच्या तौलनिक अभ्यासासाठी रमाबाईंचे बायबल आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' (२०१०) ही दोन टोके उपयुक्त ठरतील. वसाहतवादी शिक्षणाची चिकित्सा हा या अभ्यासपत्रिकेचा अविभाज्य घटक असावा.

४. असा अभ्यास महानगरांतील विद्यार्थ्यांपुरता मर्यादित राहू नये. खाप्याच्या वर्गात धनी आणि चाकराची ती कथा मराठीत सांगितली की चर्चा आपोआप रंगते. सावकार, ठेव, भय आणि जाब या गोष्टी विणकराच्या व शेतकऱ्याच्या मुलांना समजावून द्याव्या लागत नाहीत. मागील वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले की, ज्याला मुळातच सर्वांत कमी मिळाले त्यानेच ते पुरून ठेवले, यात नवल ते काय? मिल्टनच्या सुनीतावरील त्या दिवसाची चर्चा या प्रश्नापासून सुरू झाली. बायबल, मिल्टन आणि आपले जगणे एकाच तासाला समोरासमोर आले, की काय घडू शकते याचे हे लहानसे प्रत्यंतर होय.